विंडोजच्या बुडावरचं नाव

रत्नपालला वसमत तालुक्यात कुणी 'कॉम्प्युटरवाला' म्हणायचं, कुणी 'पुंजाजीचा पोरगा' म्हणायचं, आणि ज्याचं मशीन बंद पडलेलं असायचं तो 'रत्नपाल सर' म्हणायचा. मशीन चालू झालं की सर गळून पडायचं आणि नुसता रत्नपाल उरायचा. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला त्याला पाच वर्षं लागली. इतका भाबडा माणूस तालुक्याला फुकटात मिळाला होता, आणि तालुक्यानं त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला, त्याबद्दल तालुक्याला नावं ठेवायचं कारण नाही.

बी.ए. झाल्यावर त्यानं नांदेडला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि येताना पिशवीत एक सीडी घेऊन आला. सीडीवर काळ्या मार्करनं 'विंडोज ९८' असं लिहिलेलं आणि खाली पंचवीस अक्षरा-आकड्यांची किल्ली. लहानपणी विहारात वंदना म्हणताना तो तीनदा अडखळायचा आणि पद्माबाईचे, म्हणजे त्याच्या आईचे, धपाटे खायचा. पण ही पंचवीस अक्षरं तो झोपेतून उठवलं तरी एका दमात म्हणायचा. सिद्धेश्वरपासून वसमतच्या आडतीपर्यंत जिथं म्हणून कॉम्प्युटर आला, तिथं सायकलला पिशवी अडकवून रत्नपाल गेला आणि विंडोज टाकून आला.

त्याचा बाप पुंजाजीही टाकण्याच्याच धंद्यात होता. वसमतच्या बाजारात भांड्याच्या दुकानाच्या पायरीखाली गोणपाट अंथरून तो बसायचा आणि भांड्यांवर नावं टाकायचा. आपल्याकडं आहेराची घागर बिननावाची देत नाहीत. देऊन उपयोग काय मग? दिली हे कळायला नको? तेव्हा पुंजाजी छिन्नी-हातोडी घेऊन टकटक टकटक करत अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट असं काठावर ठोकायचा. अक्षर असं वळणदार की वाचून घेणाऱ्यापेक्षा देणाराच खूश. घरी गेल्यावर बायाबापड्या ती घागर चिंच लावून खसाखसा घासायच्या. चकाकी यावी म्हणून हो, दुसरं काही नाही. पुंजाजीचा हात लागलेला नसला तरी तेवढ्याच जोरानं घासल्या असत्या, असं आपण धरून चालू.

पुंजाजीचे दोन रिवाज होते. एक, देणाऱ्याचं नाव काठावर टाकून झालं की भांडं उलटं करून बुडाला तो आपली खूण टाकायचा, ज्वारीच्या दाण्याएवढं पिंपळपान. कुणी विचारत नसे, कुणाला दिसतही नसे. दुसरा, एकदा टाकलेलं नाव तो काढून देत नसे. घरात वाटण्या झाल्या, आई वारली, सासू गेली, की माणसं भांडं घेऊन यायची. "एवढं नाव घासून काढा अन् आमचं टाका." पुंजाजी भांडं हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, नखानं टिचकी मारायचा आणि मान हलवायचा. "निघत न्हाई. भोक पडल." झालं. भोक पडलेली घागर कोणाला हवी? माणूस निमूट आईच्या नावाची घागर काखेत मारून घरी जायचा. पुंजाजी खोटं बोलत नाही, ही सगळ्या बाजाराची खात्री होती. रत्नपालची तर होतीच होती.

तर साल नव्व्याण्णव. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि पाट्या रंगवणाऱ्यांना बरे दिवस आले. त्याच पावसाळ्यात कुरुंद्याच्या वाटेवरच्या एका गावी सोनाजीरावांनी आपल्या शाळेला कॉम्प्युटर दिला. सोनाजीराव म्हणजे चाळीस एकर हळदीचे धनी आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. संस्था त्यांची, जागा त्यांची, हेडमास्तरही जवळजवळ त्यांचेच. आई नर्मदाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, त्यांच्या स्मरणार्थ हा कॉम्प्युटर. विंडोज टाकायला रत्नपालला बोलावणं आलं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती, म्हणून सगळी शाळा हजर होती. नारळ मशीनवरच फोडायचं चाललं होतं. रत्नपालनं हातापाया पडून बाहेरच्या दगडावर फोडायला लावला. मग त्यानं फ्लॉपी घातली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, फॉरमॅट झाला, सीडी फिरायला लागली. पडद्यावर 'अजून पन्नास मिनिटं' असं आलं. अर्ध्या तासानं 'अजून पंचेचाळीस मिनिटं' आलं. एस.टी.च्या वेळापत्रकावर वाढलेल्या माणसांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोनाजीराव चहापाण्याला उठून गेले आणि नेमकं तेव्हाच मशीननं विचारलं, नाव काय? रिकामी चौकट आणि लुकलुकणारी रेघ. नाव टाकल्याशिवाय विंडोज पुढं सरकत नाही.

"कुणाचं टाकू सर?" रत्नपालनं हेडमास्तरांना विचारलं.

हेडमास्तर नोकरीत अठरा वर्षं टिकलेला माणूस. कुठल्याही कागदावर नाव घालायचं म्हटलं की ते दोन पावलं मागं सरायचे. "दिसतं का ते कुठं?"

"दिसत न्हाई तसं. आत, पार तळाला ऱ्हातंय."

"मग टाका की तुमचंच. कोण बघतंय?"

तळाला म्हटल्यावर रत्नपालला बापाचं पिंपळपान आठवलं. त्यानं इंग्रजीत टाकलं, रत्नपाल पुंजाजी. विंडोज पुढं सरकली.

विंडोज लागली, चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, रत्नपालला प्लास्टिकच्या कपात. पाहुण्याला धुण्याची तकलीफ नको, एवढी काळजी. सोनाजीरावांनी पडद्यावरचं निळं आभाळ अन् ढग पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"माझ्या आईचं नाव कुठं हाय याच्यात?"

हेडमास्तर म्हणाले, बाहेर पाटी लावू. सोनाजीराव म्हणाले, पाटी तर संडासालाबी हाय. पैसे दिले कॉम्प्युटरला, तर नाव कॉम्प्युटरात पायजे. घागर देतो तर नाव काय दुकानाच्या भिंतीवर टाकतो का आपण?

आता खरं तर इथंच रत्नपालनं कानावर हात ठेवून सायकल काढायची. पण अंगात हुनर आणि तो दाखवायची खुमखुमी, मग माणसाचं वाटोळं व्हायला आणखी काय लागतं? तो म्हणाला, "मशीन चालू व्हताना जे चित्र येतंय ना, ढगाचं, त्या जागी बाईंचा फोटो टाकता येतो."

सोनाजीरावांच्या हातातला पेला हातातच राहिला.

फोटो नांदेडला नेऊन फ्लॉपीवर उतरवून आणला, त्या चित्राच्या जागी बसवला आणि मशीन चालू केलं. नर्मदाबाई आल्या, पण आल्या त्या भलत्याच रुंद होऊन. हे चित्र मशीन आपल्या मनानं आडवं ताणतं, ते रत्नपालच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आई एवढी लठ्ठ कवा होती रे?" सोनाजीराव दुखावले. "माय माझी, उपासानं काडी झालेली."

रत्नपालनं फोटो आधी दोन्हीकडून दाबून चेपटा केला आणि परत बसवला, तेव्हा बाई बेतशीर झाल्या. पडद्याच्या खालच्या कडेला एक निळी पट्टी सारखी सरकत राहायची, ती मूळचीच होती; ती काढायचं राहून गेलं. गावानं ठरवून टाकलं की ती बाईंच्या पायाशी वाहणारी पूर्णा नदी, पूर्णामाय आहे. मशीन बंद करतानाही शेवटी एक काळा पडदा येतो, 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचा. तिथंही रत्नपालनं बाईंना बसवलं आणि माऊसनं एकेक अक्षर ओढून खाली लिहिलं, 'बाळा, आता बंद कर.' सोनाजीराव ते वाचून लहान लेकरागत हुंदके देऊन रडले.

डोळे पुसून ते म्हणाले, "रत्नपाल, तू माझ्या आईला सांभाळ. पोरांना शिकव. मी तुझं नाव मस्टरवर घेतो. संगणक शिक्षक. जूनमध्ये."

कोणत्या सालातल्या जूनमध्ये, ते बोलले नाहीत, आणि रत्नपालनंही विचारलं नाही. मस्टरवर नाव! घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा पद्माबाईनं शिरा केला. पुंजाजीनं चाळीस वर्षं लोकांची नावं ठोकली होती. आपल्या घरातलं नाव कुठं तरी सरकारी कागदावर, शाईनं, कायमचं लागणार म्हणून त्यानं त्या दिवशी दुपारनंतर दुकानच लावलं नाही.

मग रत्नपाल रोज आठ मैल सायकल हाणत शाळेत जायला लागला. एक मशीन, दोनशे पोरं. मशीन चालू केलं की नर्मदाबाई यायच्या, पोरं हात जोडायची, बाई जायच्या, मग शिकवणं सुरू. दुसऱ्या वर्षी पोरांनी परीक्षेत 'कॉम्प्युटर सुरू करण्याची पहिली पायरी कोणती?' याला 'नमस्कार करणे' असं उत्तर लिहिलं आणि हेडमास्तरांनी पूर्ण गुण दिले. मानधन म्हणून हंगामाला हळदीचं पोतं मिळायचं. पद्माबाईच्या घरात तीन पिढ्या पुरेल एवढी हळद साठली. नुसत्या हळदीची भाजी होत नाही, हा दोष मात्र हळदीचा.

आणि एक अट होती, ती ऐका. कुणीतरी सोनाजीरावांच्या कानात घातलं होतं की फॉरमॅट मारला की आतलं सगळं पुसून जातं.

"म्हंजे आईबी?"

"बाईंना मी फ्लॉपीवर काढून ठेवतो ना मालक, मंग परत टाकतो," रत्नपालनं सांगून पाहिलं.

"आईला? त्या चपट्या डबीत? अन् डबी हरवली मंग? न्हाई. फॉरमॅट मारायचा न्हाई. बराबर ध्यानात ठेव."

ज्यांनी ती विंडोज सांभाळली आहे त्यांना ही अट वाचून घाम फुटेल. दर चार-सहा महिन्यांनी फॉरमॅट मारणं हाच त्या काळी सगळ्या दुखण्यांवरचा इलाज होता. रत्नपालला मात्र बिनफॉरमॅटची पाच वर्षं काढायची होती. शाळेला लागूनच सोनाजीरावांचा हळद पॉलिश करायचा ड्रम. फाल्गुनात तो फिरायला लागला की पिवळी धूळ सगळी मशीनच्या पंख्यात. डबा उघडला की आत हळद लागलेल्या नवरदेवागत सगळं पिवळं. ब्रशनं एकेक तार पुसायची. एकदा आत पाल शिरून तारांना चिकटून मेली. एकदा तर हेडमास्तरांनी जागा करायला म्हणून ओळखीची नसलेली, म्हणजे विंडोजच्याच कामाची, फाइल दिसेल तशी पुसली. "ही डी.एल.एल. डी.एल.एल. काय लावलंय? आपल्या पटावर या नावाचा एकबी विद्यार्थी न्हाई!" त्या वेळी पडदा निळा पडला आणि नर्मदाबाई येऊन तिथंच थांबल्या, पुढं जाईनात. सोनाजीराव धावत आले. "आई अडकली का रे?" रत्नपालनं अकरा दिवस बसून, सीडीतून एकेक फाइल हुडकून जागच्या जागी लावली. फॉरमॅट मारून तासाभराचं काम होतं. पण नर्मदाबाई शाबूत राहिल्या, आणि जून जवळ आला होता.

जून यायचा आणि जायचा. पद्माबाई विचारायची, "यंदा लागलं का रं नाव?" रत्नपाल म्हणायचा, "प्रस्ताव गेलाय." पहिल्या वर्षी पद मंजूर नव्हतं. दुसऱ्या वर्षी साहेब बदलले. तिसऱ्या वर्षी निवडणूक होती. चौथ्या वर्षी काय होतं ते कुणाला आठवत नाही, पण काहीतरी भक्कमच असणार.

दोन हजार चारच्या जूनमध्ये मात्र पद खरोखर आलं. संगणक शिक्षक, एक. हेडमास्तरांनी रत्नपालला बोलावलं आणि म्हणाले, बसा, प्रस्ताव टाइप करायचाय. रत्नपालनं सदऱ्याला हात पुसून कीबोर्ड पुढं ओढला. हेडमास्तर सांगत होते, रत्नपाल टाइप करत होता. शाळेचं नाव, संस्थेचं नाव, पदाचं नाव. "आता उमेदवाराचं नाव," हेडमास्तर म्हणाले. रत्नपालनं आपला र टाइप केला आणि आदब म्हणून थांबला.

"रुद्र," हेडमास्तर म्हणाले. खिडकीबाहेर बघत.

रुद्र म्हणजे सोनाजीरावांचा पुतण्या. नांदेडहून त्यानं कुठलंसं सर्टिफिकेट आणलं होतं. ते कशाचं आहे हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं, पण त्यावर कॉम्प्युटरचं चित्र होतं. पोरगं वाईट नव्हतं. त्याला ट्रक घ्यायचा होता, मास्तरकी नको होती. पण काकांपुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

रत्नपालनं आपल्याच बोटांनी दुसऱ्याचं नाव टाइप केलं, प्रिंट काढली, तिची शाई वाळेपर्यंत थांबला आणि टाचणी लावून दिली. संध्याकाळी सोनाजीरावांनी त्याला बोलावून घेतलं. "तू मनाला लावून घेऊ नको. घरचं पोरगं हाय, लायनीला लावाया पायजे. तुझं पुढच्या जूनला बगू. अन् तवर त्याला जरा हात धरून शिकव." तोंडाला पानं पुसायची तर ती इतक्या मायेनं पुसावीत.

रागानं त्याचं अंग जळत होतं. घरी येऊन त्यानं काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि परत शाळेतच गेला, कारण दहावीची पोरं थांबली होती आणि दुसरं कुठं जावं हे त्याला ठाऊक नव्हतं.

जानेवारीत पदाच्या मंजुरीसाठी हिंगोलीहून तपासणीला साहेब आले, उत्तमसिंग नावाचे. साहेब कागदाला कागद लावून बघणारे. खाडाखोड दिसली की त्यांचं डोकं दुखायचं. नुकतंच त्यांना सरकारनं सहा दिवसांचं कॉम्प्युटर प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यातून ते नेमकी एक गोष्ट शिकून आले होते. 'माय कॉम्प्युटर'वर उजवी टिचकी मारायची आणि सगळ्यात खालच्या ओळीवर जायचं, की मशीनची कुंडली उघडते. जिथं मशीन दिसेल तिथं ते एवढं करायचे आणि "हं" म्हणायचे.

रुद्र नवा सदरा घालून मशीनपुढं बसला होता. रत्नपालला बाहेर लिंबाखाली उभं केलं होतं, मशीन अडलं तर असावा म्हणून. मशीन चालू झालं. नर्मदाबाई आल्या, सगळ्यांनी हात जोडले, साहेबांनीही गडबडून जोडले. मग माऊस हातात घेऊन साहेबांनी आपली टिचकी मारली. खालच्या ओळीवर गेले. आणि नेहमीसारखं "हं" न म्हणता चष्मा काढून परत घातला.

"हे रत्नपाल पुंजाजी कोण?"

हेडमास्तर दोन पावलं मागं सरले.

"नोंदणी यांच्या नावावर आहे," साहेब म्हणाले. "रजिस्टर्ड. मशीनमध्ये स्पष्ट लिहिलंय. तुमचं नाव रत्नपाल का?"

"न्हाई," रुद्र म्हणाला. "रुद्र."

"मस्टरवर रुद्र, प्रस्तावात रुद्र, आणि मशीनमध्ये रत्नपाल?" साहेबांचा हात कपाळाकडं गेला. "तफावत आहे ही. मी सही करू शकत नाही."

सोनाजीराव हसून म्हणाले, तो आमचा मेकॅनिक हो, मशीन बसवणारा. साहेब म्हणाले, मेकॅनिक असेल नाहीतर राज्यपाल असेल, मला काय त्याचं? उद्या वरून कुणी आलं आणि मशीन उघडलं तर? कुणी लायक, कुणी नालायक, ते संस्थेनं बघावं. माझं म्हणणं एवढंच की दोन्हीकडं नाव एक पाहिजे. मी जेवून येतो, तोवर काय ते करा.

बघा, पाच वर्षं राबलेला माणूस बाहेर लिंबाखाली उभा होता, ते साहेबांनाही दिसलं होतं. पण त्याचं काही नाही. तफावत मात्र वाईट.

साहेब जेवायला गेले. सोनाजीराव तरातरा बाहेर आले, मागं हेडमास्तर, मागं रुद्र.

"काहून टाकलं रे तुझं नाव आत?"

"सरच म्हनले टाका," रत्नपाल म्हणाला. हेडमास्तर लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले.

"बरं. काढ ते. रुद्रचं टाक. साहेब यायच्या आत."

आता सांगायची गोष्ट अशी की ते नाव काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम होतं. विंडोजच्या पोटात एक नोंदवही असते, ती उघडायची, हुडकून ते नाव खोडायचं, दुसरं लिहायचं, संपलं. ना फॉरमॅट लागत, ना काही. हे अख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस जन्मात कधी खोटं बोललेला नव्हता. त्याचा बापही नाही.

रत्नपाल आत गेला. मशीनपुढं उभा राहिला. त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग डब्यावर नखानं टिचकी मारली आणि मान हलवली.

"निघत न्हाई."

"म्हंजे?"

"काढाया गेलं तर भोक पडल."

"कशाला भोक?"

"आत. पयल्या दिवशी टाकलेलं नाव हाय ते, त्याच्यावरच सगळं उभं हाय. ते खरवडलं की वरचं समदं जाईल." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "बाईंपासून सुरुवात व्हईल."

सोनाजीरावांनी पुतण्याकडं पाहिलं. "काय रे? तू शिकून आला ना? पडतं का भोक?"

रुद्रची मोठी पंचाईत झाली. माहीत नाही म्हणावं तर सर्टिफिकेट उघडं पडतं. त्यानं गंभीर चेहरा केला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हणाला, "व्हय काका. मोठ्ठं पडतं." बिचाऱ्यानं आयुष्यात दिलेला हा एकमेव तांत्रिक सल्ला, आणि त्यापायी त्याची मास्तरकी गेली, ट्रक मिळाला. आजही रुद्र रत्नपालला बाजारात भेटला की आधी चहा सांगतो.

सोनाजीराव खुर्चीवर बसून राहिले. एका बाजूला घरचं पोरगं, एका बाजूला आई. मशीनच्या पडद्याकडं ते बराच वेळ बघत होते. मग हळू आवाजात हेडमास्तरांना म्हणाले, "मस्टरावरचं निघतं का?"

मस्टरावरचं निघत होतं. कारकुनानं नवं ब्लेड घेतलं, रुद्र या नावावरून हलक्या हातानं फिरवलं, आणि कागदाला भोक पडलं. मागून चिठ्ठी चिकटवून ते बुजवलं आणि त्यावर लिहिलं, रत्नपाल पुंजाजी. साहेब ढेकर देत आले, तेव्हा नवा प्रस्ताव तयार होता. तोही रत्नपालनंच टाइप केला होता. साहेबांनी मस्टर पाहिलं, चिठ्ठी पाहिली, कपाळाला हात लावला. मग प्रस्ताव पाहिला, मशीनवर टिचकी मारली, खालच्या ओळीवर गेले आणि म्हणाले, "हं." सही झाली.

सगळ्यांना चहा आला. रत्नपालचा प्लास्टिकच्या कपातच आला. एका दिवसात किती अपेक्षा करायच्या माणसानं?

ऊन उतरायच्या आत तो घरी पोचला. पद्माबाईनं त्याचं तोंड बघूनच ओळखलं आणि रडत रडत रवा भाजायला घेतला. पुंजाजी अंगणात बाजेवर बसला होता. त्याची नजर गेल्या सालापासून अधू झाली होती. बाजारात बसणं सुटलं होतं, पण हातोडी उशाशीच असायची. रत्नपालनं बातमी सांगितली. म्हातारा नुसता लेकाचा हात चाचपत राहिला.

"पन आबा," रत्नपालच्यानं राहवेना, "म्या खोटं बोललो. तुमचं नाव लावून खोटं बोललो. नाव निघत व्हतं. दोन मिन्टाचं काम. अन् म्या तुमच्यावानी टिचकी मारली अन् म्हनलं, निघत न्हाई, भोक पडल." तो बाजेजवळ खाली बसला. "तुमी खरं सांगत व्हता. म्या तेच खोट्याला वापरलं."

पुंजाजीचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं.

"येड्या," तो म्हणाला, "पितळंचं भांडं ते. कानशीनं दोन हात मारले की नाव गायब. चाळीस वर्सात एकालाबी भोक पडलं न्हाई."

"मंग निघत न्हाई काहून म्हनत व्हता?" रत्नपालनं विचारलं.

"माय मेली की तेराव्याच्या दुसऱ्या दिशी भांडी घिऊन यायचे. हिचं नाव घासा, माझ्या बायकोचं टाका. त्या बाईचं जगात नाव ऱ्हायलेलं तेवढंच, घागरीच्या काठावर. म्या म्हनायचो, असू द्या की तिचं तेवढं." पुंजाजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बराबर टिचकी मारली ना? नखानं?"

"व्हय आबा. नखानं."

"मंग ठीक," पुंजाजी म्हणाला, आणि शिरा झाला का म्हणून आत आवाज दिला.